लिन आणि लॅरी पार्डी

लिन पार्डी (जन्म १९४४) आणि लॅरी पार्डी (१९३९–२०२०) हे शिडाच्या लहान नौकांतून दीर्घकाळ सागरभ्रमण करणारे आणि त्याविषयी विपुल लेखन करणारे दांपत्य होय. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या, इंजिन नसलेल्या दोन नौकांतून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. पहिली पूर्वेच्या दिशेने व दुसरी पश्चिमेच्या दिशेने. त्यांचा एकूण सागरप्रवास सुमारे दोन लाख सागरी मैलांचा मानला जातो. या प्रवासाचा आरंभ मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या उष्णकटिबंधीय किनाऱ्यावर झाला. लहान व साधी नौका घ्यावी आणि निवृत्तीची वाट न पाहता निघावे, हे त्यांचे सूत्र जगभरातील हौशी दर्यावर्दींमध्ये प्रसिद्ध आहे.

पूर्वायुष्य

लॅरी यांचा जन्म कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, तर लिन यांचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची भेट झाली. लॅरी हे नौकाबांधणीचे व सुतारकामाचे जाणकार होते. लिन यांना त्या वेळी नौकानयनाचा अनुभव नव्हता. दोघांनीही श्रीमंतीचा वारसा नसताना, मिळेल ते काम करीत, नौका बांधण्यास सुरुवात केली. सुमारे तीन वर्षांच्या श्रमानंतर १९६८ मध्ये ‘सेराफिन’ पाण्यात उतरली.

‘सेराफिन’

‘सेराफिन’चा आराखडा लाइल हेस यांनी केला होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुन्या कष्टकरी मासेमारी होड्यांचा घाट त्यांनी पुढे ठेवला होता. नौकेची लांबी २४ फूट ४ इंच (सुमारे ७.४ मीटर) होती. ओक लाकडाच्या वाकांवर महोगनीच्या फळ्या जोडलेल्या होत्या. एकच डोलकाठी, तिच्यामागे मोठे शीड व पुढे दोन लहान शिडे अशा या रचनेस ‘कटर’ म्हणतात. रुंद पोट व पाण्यात खोलवर जाणारी लांब कण्याची बांधणी यांमुळे नौका आकाराने लहान असूनही खवळलेल्या समुद्रात स्थिर राहत असे.

इंजिन नसल्याने त्याची जागा सामानास मिळाली आणि खर्चही वाचला. रात्री उजेडासाठी रॉकेलचे दिवे होते. वारा पडल्यावर नौका पुढे नेण्यासाठी मागील बाजूस एक लांब वल्हे होते. मात्र त्याने शांत पाण्यात ताशी जेमतेम एखाद्या सागरी मैलाचा वेग साधत असे. दिशा व स्थान ठरविण्यासाठी होकायंत्र, नकाशे आणि सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारे सेक्स्टंट हे उपकरण वापरले जाई.

उष्णकटिबंधीय किनाऱ्यावरील पहिली सफर

१९६९ मध्ये पार्डी दांपत्य दक्षिण कॅलिफोर्नियाहून मेक्सिकोकडे निघाले. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प, त्याच्या पूर्वेचा कोर्तेसचा समुद्र, पुढे मध्य अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, कोस्टा रिका व पनामा असा हा मार्ग होता. प्रवास किती काळ चालेल हे ठरलेले नव्हते. मजा वाटेल तोवर पुढे जायचे, एवढेच ठरले होते.

या किनाऱ्यावर इंजिनाविना फिरणाऱ्या नौकेला ऋतू आणि वारा यांच्या वेळापत्रकानुसार चालावे लागते. पूर्व पॅसिफिकमधील चक्रीवादळांचा हंगाम साधारणपणे १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. त्या काळात नौकेने एक तर वादळांच्या पट्ट्याबाहेर असावे, नाही तर चहूबाजूंनी सुरक्षित अशा खाडीत नांगरून राहावे, असा संकेत आहे. कोकणातील मच्छीमार पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, त्यामागील विचार हाच आहे.

दैनंदिन प्रवास खाऱ्या व मतलई वाऱ्यांवर अवलंबून असतो. दिवसा जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा वाहू लागतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारा समुद्राकडे वाहतो. बंदरातून पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुढच्या आसऱ्यास पोहोचायचे, ही शिडाच्या नौकांची जुनी रीत आहे. या दोहोंमधल्या वेळेत वारा पडतो. तेव्हा थांबण्यावाचून इलाज नसतो.

याच किनाऱ्यावर काही धोक्याच्या जागाही आहेत. मेक्सिकोच्या दक्षिणेस तेवांतेपेकचे आखात आहे. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखातावरील थंड हवा डोंगरांमधल्या खिंडीतून या आखातात घुसते आणि निरभ्र आकाशातही वादळी वारे सुटतात. हे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्यामुळे अनेक नौका मुद्दाम किनाऱ्याला अगदी धरून जातात. तेथे वाऱ्याचा जोर असला तरी लाटांना मोठे होण्यास वाव मिळत नाही. निकाराग्वा व कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावरील पापागायो वारे याच प्रकारचे आहेत. त्यापुढे पनामाच्या बाजूस बहुधा मंद व लहरी वारे असतात.

नांगर टाकणे हीसुद्धा इंजिनाविना कौशल्याची बाब ठरते. नौका वाऱ्याच्या दिशेला वळवून तिचा वेग संपू द्यावा लागतो. ती मागे सरू लागली की नांगर सोडून खोलीच्या अनेक पट साखळी द्यावी लागते. प्रवाळ व खडक असलेल्या पाण्यात सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच शिरावे लागते, कारण तेव्हाच पाण्याच्या रंगावरून तळ ओळखता येतो. अनोळखी बंदरापाशी अंधार पडला, तर आत न शिरता रात्र बाहेर खुल्या समुद्रात काढणे हा सुरक्षित मार्ग होय.

नौकेवरील जीवन

दोघांचीच नौका असल्याने रात्रंदिवसाच्या प्रवासात पहारा आळीपाळीने द्यावा लागे. एक जण सुकाणू व क्षितिज पाही, तेव्हा दुसरा झोपे. त्यामुळे प्रत्येकाला सर्व कामे एकट्याने करता येणे आवश्यक होते. लिन यांची उंची पाच फुटांहून कमी होती. शिडे व नांगर त्यांनाही हाताळता यावेत, हे नौका लहान ठेवण्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते.

उष्ण प्रदेशात लाकडी नौकेची देखभाल सतत करावी लागते. कोमट समुद्रात लाकूड पोखरणारे जीव वेगाने वाढतात. त्यांना रोखण्यासाठी पाण्याखालील भागास तांबेयुक्त रंग द्यावा लागतो. उन्हाने शिडांची शिवण व दोर कुजतात. पिण्याच्या पाण्याचा साठा मोजूनमापून वापरावा लागतो आणि शक्य तेव्हा पावसाचे पाणी धरावे लागते.

पैशासाठी दांपत्य वाटेत थांबून इतरांच्या नौकांची दुरुस्ती करी, तसेच मालकांसाठी नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवून देई. पुढे लेखन हे उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन झाले.

पृथ्वीप्रदक्षिणा व ‘तालीसिन’

पनामा कालव्यातून अटलांटिकमध्ये आल्यावर ‘सेराफिन’ने युरोप व भूमध्य समुद्र गाठला. नंतर लाल समुद्र, श्रीलंका, मलेशिया, फिलिपिन्स व जपान या मार्गाने ती उत्तर पॅसिफिक ओलांडून उत्तर अमेरिकेस परतली. या प्रवासास सुमारे ११ वर्षे लागली.

त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील बुल कॅन्यन या आडवळणी दरीत, वीज व दूरध्वनी नसलेल्या घरात राहून त्यांनी दुसरी नौका बांधली. २९ फूट ६ इंच (सुमारे ९ मीटर) लांबीची ‘तालीसिन’ १९८३ मध्ये पाण्यात उतरली. तिचा आराखडाही हेस यांचाच होता व फळ्या सागवानी होत्या. या नौकेने त्यांनी पश्चिमेच्या दिशेने प्रदक्षिणा केली. २००२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील केप हॉर्न त्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे तेथील प्रचलित वाऱ्यांच्या विरुद्ध दिशेने ओलांडले.

लेखन

‘क्रूझिंग इन सेराफिन’ (१९७६) या पहिल्या पुस्तकात मेक्सिकोच्या किनाऱ्यापासूनच्या आरंभीच्या प्रवासाचे वर्णन आहे. ‘द केअर अँड फीडिंग ऑफ द ऑफशोअर क्रू’ हे पुस्तक जपान ते कॅनडा या प्रवासाच्या दैनंदिनीभोवती गुंफलेले असून त्यात आहार, साठवण व खलाशांचे मनोबल यांचा विचार आहे. ‘स्टॉर्म टॅक्टिक्स हँडबुक’मध्ये वादळात शिडे कमी करून, नौका वाऱ्याला तिरकी व जवळजवळ स्थिर ठेवण्याच्या पद्धतीचे विवेचन आहे. हर्ब मॅकॉर्मिक यांनी लिहिलेले या दांपत्याचे चरित्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

इंजिन न ठेवण्याच्या त्यांच्या भूमिकेबद्दल मतभेद आहेत. वाऱ्याने नौका किनाऱ्याकडे ढकलली जात असताना किंवा अरुंद मुखातून जाताना इंजिन हा जीव वाचविणारा आधार ठरतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. पनामा कालव्यातून तर शिडांच्या बळावर जाताच येत नाही. याउलट, इंजिनावरील भिस्त बेसावध करते आणि ते नेमके गरजेच्या वेळी बंद पडू शकते, असे पार्डींच्या बाजूने मांडले जाते. त्यांच्या वादळविषयक पद्धती लांब कण्याच्या जड नौकांना जितक्या लागू पडतात, तितक्या आजच्या हलक्या नौकांना पडत नाहीत, असाही एक आक्षेप आहे. मात्र मोठ्या संपत्तीवाचून, सामान्य मिळकतीच्या दोन व्यक्तींना समुद्रप्रवास करता येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले, याबद्दल दुमत नाही.

उत्तरायुष्य

दांपत्याने न्यूझीलंडमधील कवाऊ बेटावर घर केले. अखेरच्या वर्षांत लॅरी यांना दीर्घ आजाराने ग्रासले. २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरही लिन यांनी सागरप्रवास व लेखन सुरू ठेवले.