कोनफळाच्या वाटेने आलेले रताळे

नाशिकहून पेठमार्गे घाट उतरून गुजरातेत धरमपूरला जा आणि बाजारात ‘रताळू’ मागा. हातात जांभळ्या गराचे कोनफळ पडेल. आपल्या रताळ्याला तिथे ‘शक्करिया’ म्हणतात. महाशिवरात्रीला घरोघर खाल्ल्या जाणाऱ्या रताळ्याची कुळकथा मला या अदलाबदलीत सापडते.

रताळे मूळचे अमेरिकेचे. कोलंबसानंतर ते युरोपात गेले आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आले. मेघालयातल्या गारो टेकड्यांत मिळालेल्या ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या पानांचे जीवाश्म २०१८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून रताळे भारतीयच, असा दावा ऐकू येतो. तो टिकत नाही. ती पाने रताळ्याच्या प्रजातीतली आहेत, आणि त्या प्रजातीत कोकण किनाऱ्यावरची मर्यादवेलही येते. गोत जुने असले, तरी खुद्द रताळे इथे नवेच.

मग हा परका कंद उपवासाला चालला कसा? धान्य नाही, जमिनीखाली पिकते, म्हणून, असे सांगतात. पण मुळा आणि गाजरही जमिनीखालचेच, आणि ते बहुतेक घरांत उपवासाला वर्ज्य! माझ्या मते संस्कृतातल्या ‘रक्तालु’चे, म्हणजे कोनफळासारख्या तांबड्या कंदाचे, नाव या तांबड्या सालीच्या पाहुण्याला मिळाले आणि नावामागोमाग कंदमुळांचा मानही. यावर आक्षेप येईल, की गुजरातेत नाव वेगळे असूनही शक्करिया फराळाला चालते. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे मला माझे म्हणणे थोडे दुरुस्त करावे लागते. नाव ही नुसती साक्ष. खरी ओळख पटली ती चुलीत. कोनफळासारखा पिठूळ गराचा कंद अख्खा फुफाट्यात पुरायचा, सोलायचा आणि खायचा, ही रीत इथे आधीपासून होती. रताळे तिच्यात अलगद बसले. मुळा-गाजर बसले नाहीत.

बसले ते गोडीसकट. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला रताळ्यातले विकर पिठाची माल्टोज साखर करते. राखेत कंद सावकाश तापतो, म्हणून या कामाला भरपूर वेळ मिळतो. मोठ्या आचेवर तो मिळत नाही. वरून साखर नको, तेल नको, मीठही नको. म्हणून एकाच चुलीतले रताळे उपवासाच्या आजीला चालते आणि सहा महिने उलटलेल्या, वरचे खाणे सुरू झालेल्या बाळालाही. बाळासाठी मधला मऊ गर घ्यावा, दोरे काढावेत, आणि आईच्या दुधात किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात मऊसूत कुस्करावा.

अजून शंका असेल, तर बटाट्याकडे पाहा. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बटाटा’वरून आला, आणि तो मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, रताळ्यासाठीचा. म्हणजे बटाटाही उसन्या नावानेच आला आणि रताळ्यामागून उपवासाच्या ताटात शिरला. कोनफळाने रताळ्याला आत घेतले, रताळ्याने बटाट्याला.