'बंगल' आणि 'तुघलकी'

इंग्रजींत 'बंगल' असें एक क्रियापद आहे. आपल्या बंगल्याशीं त्याचें कांहीं नातें नाहीं! सोळाव्या शतकापासून तें लेखनांत आढळतें. हातीं घेतलेलें काम बेढबपणें हाताळून नासवणें, हा त्याचा अर्थ. ह्या अर्थाच्या शब्दांची मराठींत वाण नाहीं. धसमुसळा गडी भांडीं फोडतो, धांदरट कारकून हिशेब चुकवितो, आणि दोघांच्या हातून कार्याचा विचका होतो. राज्यकर्त्यानें विचका केला म्हणजे मात्र आपण एका माणसाचें नांव घेतों व 'तुघलकी कारभार' म्हणतों.

त्या माणसाचा एक दांत बीडजवळ पुरलेला आहे. मअबरचें बंड मोडण्यास निघालेला महंमद तुघलक वरंगळास आजारी पडून मागें फिरला. वाटेंत बीड येथें त्याचा दांत काढावा लागला. तो त्यानें समारंभानें पुरविला व त्यावर कबर बांधविली, असें फिरिश्ता लिहितो. करजणीच्या टेकडीवरील घुमट ती हीच, असें सांगतात. फिरिश्त्याला तींत सुलतानाचा मूर्खपणा दिसला. आपल्या 'तुघलकी' शब्दालाही तोच वेडेपणाचा वास आहे.

मला हा शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. इ. स. १३२९-३० च्या सुमारास सुलतानानें चांदीच्या टंक्याच्या किमतीचें तांब्यापितळेचें नाणें काढलें. धातूच्या मोलावर नव्हे, सरकारच्या शब्दावर चलन चालावें ही कल्पना वेडगळ नव्हे. चीनमध्यें तेव्हां कागदी चलन होतेंच, आणि आपल्या खिशांतली नोटही त्याच शब्दावर चालते. चुकला तो हात. टांकसाळीचें नाणें कोणतें व घरचें कोणतें, हें ओळखण्याची सोय त्यानें केली नाहीं. घरोघर टांकसाळी झाल्या, असें बरनी सांगतो. शेवटीं सुलतानानें तीं नाणीं सोन्यारुप्याच्या मोबदल्यांत परत घेतलीं व तुघलकाबादेस त्यांचे ढीग पडले. स्वतःची चूक स्वतःच्या खजिन्यांतून भरून देणारे राजे किती झाले? येथें इंग्रजी शब्दच नेमका बसतो: बुद्धि ठीक, हात कच्चा.

दौलताबादेबद्दल मात्र इतकें उदार होववत नाहीं. दक्षिण राखावयाची तर दक्षिणेंत राजधानी हवी, हा १३२७ चा हिशेब समजण्यासारखा होता; दिल्लीची माणसें शेंकडों कोस हांकीत नेणें हें नव्हे. तेथें 'बंगल' म्हणणें फार सौम्य होईल.

बीडच्या घुमटाचें म्हणाल, तर तेथें हात चुकलेला दिसत नाहीं. तो अजून उभा आहे.