बालेवाडीचा संप आणि हॉकीचा चाहता

जानेवारी २०१० मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात विश्वचषकाच्या तयारीसाठी जमलेल्या भारतीय हॉकीपटूंनी सराव बंद केला. स्पर्धा दिल्लीत व्हायची होती आणि ती जेमतेम सात आठवड्यांवर आली होती. थकलेले मानधन आणि प्रोत्साहनपर रक्कम मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, अशी भूमिका कर्णधार राजपाल सिंगसह २२ खेळाडूंनी घेतली.

मागणी प्रत्येकी सुमारे साडेचार लाख रुपयांची होती. हॉकी इंडियाने देऊ केले २५ हजार. खेळाडूंनी ते नाकारताच सरावाला परतण्यासाठी मुदत घालून देण्यात आली. प्रशिक्षक होझे ब्रासा यांचे वेळापत्रक कोलमडले. अखेर पुण्याचे तत्कालीन खासदार व भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष सुरेश कलमाडी यांच्या मध्यस्थीने १३ जानेवारीस तोडगा निघाला. प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये देण्याचे ठरले. प्रायोजक सहारा समूहानेही एक कोटी रुपयांची तयारी दाखविली.

या चार-पाच दिवसांत देशभरातील हॉकीरसिक जवळजवळ एकमुखाने खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले. हे वाटते तितके स्वाभाविक नाही. अमेरिका व कॅनडातील व्यावसायिक आइस हॉकीच्या ‘एनएचएल’मध्ये संघमालकांनी २००४-०५ साली टाळेबंदी केली आणि संपूर्ण हंगाम रद्द झाला. वेतनावर कमाल मर्यादा हवी, हा मालकांचा आग्रह होता. खेळाडू परतले ते २४ टक्के वेतनकपात मान्य करून. तेथील चाहत्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू श्रीमंत, आणि आपला हिवाळा मात्र कोरडा गेला! त्याचा राग त्यामुळे दोहोंवर होता. बालेवाडीत भांडण नफ्याच्या वाटणीचे नव्हतेच. ज्या पैशाचा शब्द दिला गेला होता, असे खेळाडू सांगत होते, त्याच्याच वसुलीचे ते होते.

खरी गुंतागुंत निराळी होती. संप करायचा तर मालक हवा. भारतीय हॉकीपटूचा मालक कोण? त्याचा पगार रेल्वे, लष्कर, पोलीस दल, तेलकंपन्या किंवा एअर इंडिया देत असे. हे नाते मराठवाड्याला अपरिचित नाही. माहूर ज्या जिल्ह्यात येते, त्या नांदेडमध्ये श्री गुरू गोबिंदसिंघजी यांच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. तेथे प्रेक्षक टाळ्या वाजवितो त्या अनेकदा रेल्वेच्या, लष्कराच्या वा पोलिसांच्या संघासाठी. खेळाडू नोकरदार असतो आणि राष्ट्रीय संघासाठी नोकरीतून सुट्टी घेऊन आलेला असतो. राष्ट्रीय संघटना त्याला निवडते, वगळते, परदेशी पाठविते. पण ती त्याची मालक नसते. देशासाठी खेळताना पैशाचा विचार करू नये, हा युक्तिवाद या पोकळीतच टिकून राहिला.

त्याची किंमत पुण्यातल्याच एका खेळाडूने आधी मोजली होती. खडकीत वाढलेल्या, लहानपणी मोडक्या स्टिकने खेळलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’ देण्यात आली. सुविधा व सामन्याच्या मानधनाबद्दल बोलल्याची ही शिक्षा, असाच अर्थ तेव्हा बहुतेकांनी लावला. बारा वर्षांनी २२ जण एकत्र बोलले, म्हणून त्यांना विश्रांती देणे कोणालाही परवडणारे नव्हते.

महिला खेळाडूंची स्थिती याहून बिकट होती. भोपाळच्या शिबिरात त्यांनी सराव थांबविला नाही. काळ्या फिती लावल्या आणि जनतेच्या मदतीसाठी बँकेत खाते उघडले. पुरुषांच्या संपाला मिळालेली प्रसिद्धी मात्र त्यांच्या वाट्याला तितकी आली नाही.

२८ फेब्रुवारीस दिल्लीत भारताने पाकिस्तानला ४-१ असे हरविले. संप करणाऱ्यांचे मन खेळात नाही, ही शंका त्या सायंकाळी तरी फिटली. पुढे मात्र संघ आठव्या स्थानावर राहिला.

एक लाखाच्या तोडग्यात दीर्घ मुदतीचा करार नव्हता, हे तेव्हाच्या आनंदात फारसे कोणी पाहिले नाही. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीपर्यंत पोचला, पण स्पर्धेनंतर खेळाडूंचे पैसे रखडल्याच्या तक्रारी आल्या आणि दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ मध्ये लिलावाने खेळाडू घेणारी हॉकी इंडिया लीग सुरू झाली. २०१७ नंतर तीही थांबली व २०२४ च्या डिसेंबरात परतली. दरम्यान हॉकी इंडियाने जिंकलेल्या प्रत्येक सामन्यामागे खेळाडूस ५० हजार रुपये देण्याची घोषणा केली. बालेवाडीत देऊ केलेल्या रकमेच्या ही बरोबर दुप्पट आहे, आणि तीही एका विजयासाठी.