मदैरा ते हवाई : समुद्राने दिलेले नाव

३० सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिसिला’ हे जर्मन शिडाचे जहाज होनोलुलू बंदरात आले. त्यावर अटलांटिक महासागरातील मदैरा या पोर्तुगीज बेटावरचे सुमारे १२० स्त्रीपुरुष व मुले होती. हवाईच्या उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी येणारी पोर्तुगीजांची ही पहिली मोठी तुकडी. १९१३पर्यंत मदैरा आणि अझोर्स बेटांवरून हजारो माणसे तिच्या मागोमाग आली.

या स्थलांतराची कारणे दोन्ही किनाऱ्यांवर सापडतात. मदैरातील द्राक्षबागा रोगाने आणि किडीने उद्ध्वस्त झाल्या होत्या. इकडे १८७५च्या व्यापारी करारामुळे हवाईच्या साखरेला अमेरिकेची बाजारपेठ करमुक्त झाली; मात्र बाहेरून आलेल्या साथींनी मूळ हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटली होती. चिनी मजुरांची वाढती संख्या मळेवाल्यांना खुपत होती. मदैरात राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हिलेब्रांड यांनी तेथील शेतकरी सुचवले. सहकुटुंब आलेला मजूर मळा सोडणार नाही, हा हिशोबही त्यामागे होता.

तेव्हा पनामा कालवा नव्हता. जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पॅसिफिकमध्ये शिरे. एप्रिल १८७९मध्ये फुंशालहून निघालेले ‘रेव्हन्सक्रॅग’ चारशेहून अधिक उतारूंसह ऑगस्टमध्ये होनोलुलूला पोहोचले. म्हणजे ऐन दक्षिणी हिवाळ्यात त्याने हॉर्न ओलांडले. चार महिने गर्दी, ओल आणि मोजून मिळणारे पाणी. अशा प्रवासांत जहाजावरच मुले जन्मत, माणसे मरत.

‘रेव्हन्सक्रॅग’वर मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकारागीर होते. मदैरातील चार तारांच्या लहानग्या वाद्याला त्यांच्या हातून हवाईत नवे रूप मिळाले; तेच ‘उकुलेले’. हा प्रवास जगाला आठवतो तो या वाद्यामुळे. पण गोड आठवणीच्या आड कागद झाकला जातो, याकडे वाचकाने दुर्लक्ष करू नये. हे कारागीरही मळ्यातील मजुरीच्या करारावरच आले होते. १८५०च्या कायद्याने कराराची मुदत संपण्यापूर्वी काम सोडणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकत असे. ही बंधपद्धती १९००मध्ये संपली.

मराठी वाचकाला हे सर्वस्वी परके वाटू नये. त्याच शतकात कोकणातील माणसेही मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाकडे गेली होती. तीही करार करूनच.

तरीही मदैराकरांची कोंडी निराळी होती. युरोपीय असूनही मळ्यावर त्यांचे स्थान गोऱ्या व्यवस्थापकाच्या खाली राहिले. त्यांच्यातले काही मुकादम झाले, आणि इतर मजुरांचा रोष मालकाऐवजी त्यांनी झेलला. हवाईच्या जनगणनेत तर कित्येक दशके ‘पोर्तुगीज’ हा रकाना इतर गोऱ्यांपासून वेगळा होता.

घर सोडताना ही माणसे आपापल्या गावाची, आपापल्या बेटाची होती. बंदरावर उतरली ती एका रकान्याची झाली. समुद्राने त्यांना नुसते दुसऱ्या किनाऱ्यावर नेले नाही. तेथे त्यांची वाट पाहत असलेल्या नावापाशी नेऊन उभे केले. उकुलेलेचे सूर ऐकताना हे नाव कोणी दिले, हेही विचारायला हवे.