जाड दांडा, लहान पंजा : मुठीच्या ताकदीचे गणित

येवला : पैठणीच्या मागांसाठी आणि तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणून परिचित असलेल्या येवल्याच्या परिसराला व्यायामाचीही जुनी पार्श्वभूमी आहे. मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे बाळंभटदादा देवधर हे शेजारच्या निफाड तालुक्यातील कोठुऱ्याचे. वेटलिफ्टिंगसाठी राज्यात नाव असलेले मनमाड येथून तासाभराच्या आत गाठता येते. तालमी आणि आधुनिक जिम अशा दोन्ही ठिकाणी घाम गाळणाऱ्या तरुणांमध्ये अलीकडे जाड दांड्याने वजन उचलण्याचे आकर्षण वाढले आहे. मनगट आणि मूठ बळकट करण्याचा हा खात्रीचा मार्ग समजला जातो. मात्र नेहमीच्या रॉडवर बरोबरीने वजन उचलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातून जाड दांडा अलगद निसटतो आणि दुसरा तो सहज उचलतो, तेव्हा पहिल्याच्या ताकदीवरच शंका घेतली जाते. वास्तविक या फरकात पंजाच्या मापाचा वाटा मोठा असतो.

आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार २८ मिलिमीटर व्यासाचा आणि २० किलो वजनाचा, तर महिलांचा बार २५ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ किलो वजनाचा असतो. तीन मिलिमीटरचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. पण महिलांचा पंजा सरासरीने लहान असतो, ही बाब त्यात अधिकृतपणे मान्य केलेली आहे. पुरुषांच्या गटात मात्र पंजा लहान असो वा मोठा, बार एकच. २८ मिलिमीटरच्या बारचा घेर सुमारे ८८ मिलिमीटर भरतो. त्याभोवती बोटे वळून अंगठ्याखाली दडतात, मूठ पूर्ण मिटते. त्यामुळे तेथे पंजाच्या मापाचा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही.

दांडा ५० मिलिमीटरचा झाला की घेर १५७ मिलिमीटरवर जातो आणि सारे चित्र पालटते. अंगठा आणि मधले बोट एकमेकांना जेमतेम टेकतील असा दांडा किती जाड असावा, याची पाश्चात्त्य देशांत मोजमापे झाली आहेत. पुरुषांसाठी ते सरासरी माप ५२ मिलिमीटर, तर महिलांसाठी ४८ मिलिमीटर मानले जाते. म्हणजे ५० मिलिमीटरचा दांडा नेमका सीमारेषेवर येतो. मोठ्या पंजाच्या माणसाची मूठ त्यावर मिटते आणि लहान पंजाच्या माणसाची उघडी राहते. नेहमीच्या रॉडवर न जाणवणारा बोटाच्या पेराएवढा फरक येथे निर्णायक ठरतो, तो यामुळेच.

मूठ उघडी राहिल्याने नेमके काय बिघडते? मिटलेल्या मुठीत बोटांवर अंगठ्याचे कुलूप बसते. उघड्या मुठीत दांडा बोटांच्या टोकांकडे गडगडू लागतो आणि बोटे हळूहळू उलगडतात. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू पंजात नसून कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून निघालेल्या लांब कंडरा बोटांच्या पेरांना ओढून धरतात. स्नायू मध्यम लांबीत असताना सर्वाधिक जोर लावतो. बोटे फार ताणलेली असतील तर त्याचा जोर घटतो, आणि फारच मिटलेली असतील तरीही घटतो. शिवाय भार बोटाच्या मुळाशी न पडता टोकाकडे पडला, की तेवढ्याच वजनासाठी कंडरेला अधिक ओढ द्यावी लागते. लहान पंजाच्या माणसावर जाड दांड्यापुढे या तिन्ही अडचणी एकदम ओढवतात.

हाताच्या लांबीच्या साधारण एक पंचमांश व्यासाच्या दांड्यावर मूठ सर्वाधिक जोर देते, असा निष्कर्ष अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला होता. हाताची लांबी म्हणजे मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. या हिशेबाने १७.५ सेंटिमीटर लांबीच्या हाताला सुमारे ३५ मिलिमीटरचा दांडा सर्वांत सोयीचा, तर २० सेंटिमीटरच्या हाताला ४० मिलिमीटरचा. दोघांच्या हाती ५० मिलिमीटरचा दांडा दिला, तर पहिला आपल्या सोयीच्या मापापासून १५ मिलिमीटर दूर असतो आणि दुसरा केवळ १०. स्पर्धा एकाच दांड्याची. परंतु दोघांसाठी ती सारखी अवघड नसते.

जाड दांड्याने किती फटका बसतो, हेही तपासले गेले आहे. सरावाच्या पुरुषांवरील २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात जमिनीवरून वजन उचलण्याच्या डेडलिफ्ट प्रकारात दोन इंची दांड्यावरची क्षमता सुमारे २८ टक्क्यांनी, तर तीन इंची दांड्यावर सुमारे ५५ टक्क्यांनी घटली. छातीवरून वजन ढकलण्याच्या प्रकारांत मात्र असा फरक पडला नाही, कारण तेथे दांडा तळहातावर टेकलेला असतो. पाय आणि पाठ १०० किलोला तयार, पण बोटे ७० वरच सुटलेली, असा हा प्रकार होय.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील आहे. ‘अपोलाँ’ या नावाने गाजलेला बलदंड पुरुष लुई युनी रेल्वेच्या डब्याची चाके आसासह वापरत असे. वजन सुमारे १६६ किलो आणि आसाची जाडी सुमारे ४९ मिलिमीटर. चाके फिरती नसल्याने आस हातात गरकन वळे, ही आणखी एक आपत्ती. पुढे १९३० मध्ये शार्ल रिगुलो याने ती डोक्यावर नेली. अमेरिकेचा जॉन डेव्हिस हा १९४८ चा ऑलिंपिक विजेता. त्याचे पंजे त्याच्या देहाच्या मानाने लहान होते. १९४९ मध्ये पॅरिसला त्याने एक हात पालथा आणि एक उताणा अशी पकड घेतली, आस खांद्याकडे खेचतानाच उताणा हात हवेतच सोडून फिरवला आणि वजन डोक्यावर नेले. अनेक प्रयत्न फसल्यानंतर हे साधले. पंजा लहान होता, तो लहानच राहिला. बदलली ती पकड.

पालथ्या-उताण्या पकडीचे तत्त्व सोपे आहे. एका हातातून दांडा ज्या दिशेने गडगडतो, त्याच्या उलट दिशेने तो दुसऱ्या हातातून गडगडू पाहतो आणि दोन्ही ओढी एकमेकींना रोखतात. वेटलिफ्टर वापरतात ती अंगठा बोटांखाली दाबण्याची ‘हुक’ पकड मात्र जाड दांड्यावर लहान हाताला शक्यच नसते.

आपल्याकडील मुद्गल किंवा करेला यांचा अनुभव येथे थेट लागू करता येत नाही. मुद्गलाचे अंग जाड असले, तरी कातारी त्याची मूठ बारीक करतो आणि टोकाला गाठ ठेवतो. फिरवताना मुद्गलाची ओढ मुठीच्या लांबीच्या दिशेने असते, तर रॉडचे वजन बोटांना आडवे उलगडते. बाजार समितीतील कांद्याची गोणी कान धरून उचलणाऱ्या हमालाची पकड आणखी निराळी, ती चिमटीची. त्यामुळे एका कामात तरबेज असलेला हात दुसऱ्या कामात चाचपडताना दिसला, तर त्यात नवल नाही.

गावोगावच्या व्यायामशाळांत जाड दांडा बहुधा पाण्याच्या लोखंडी पाइपाचा बनवलेला असतो, आणि फसगत येथेच होते. पाइपाचे नाव व्यासाशी जुळत नाही. ‘एक इंची’ पाइप बाहेरून सुमारे ३४ मिलिमीटर, ‘दीड इंची’ सुमारे ४८, तर ‘दोन इंची’ तब्बल ६० मिलिमीटर भरतो. दोन इंची म्हणून ५१ मिलिमीटरचा दांडा अपेक्षिणाऱ्याच्या हाती १८८ मिलिमीटर घेराचा पाइप येतो. त्यावर सामान्य पंजा मिटणारच नाही. पाइपाला कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून जाडी वाढवली, तर ती दाबली जाते आणि घर्षणही वाढते. तेथली कामगिरी नुसत्या लोखंडावरच्या कामगिरीशी ताडून पाहणे व्यर्थ.

लहान पंजाच्या व्यायामपटूने काय करावे? वाढीचे वय सरले की हाडे लांब होत नाहीत. स्नायू, कंडरा आणि त्वचेची सहनशक्ती मात्र वाढते. पहिल्या दिवशीच ६० मिलिमीटरला भिडण्याऐवजी ३४ किंवा ४२ मिलिमीटरवर पकड पक्की करून मग ४८ कडे वळणे शहाणपणाचे. ४२ मिलिमीटरचा पाइप दुकानात ‘सव्वा इंची’ म्हणून मिळतो. आठवड्यातून एक-दोन वेळा, मोजक्या खेपा पुरेशा आहेत. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश सरावतात. कोपराच्या आतल्या बाजूस दुखू लागले, तर जाड दांडा काही आठवडे बाजूला ठेवावा. पाठीवर झोपून छातीवरून वजन ढकलताना मूठ मिटत नसेल, तर जवळ मदतनीस असल्याशिवाय जाड दांडा हाती घेऊ नये. वहीत वजनाबरोबर दांड्याचा बाहेरचा व्यासही लिहावा. व्हर्नियर कॅलिपर नसेल, तर दोऱ्याने घेर मोजून त्याला ३.१४ ने भागले तरी चालते.