रांजणात मुरलेली घराची गोष्ट



गोड्या छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आत एक जुनी गोष्ट लिहून ठेवतो. विषय द्राक्षाचाच आहे, पण बाग आपल्याकडची नाही, जॉर्जियाची आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे. काळा समुद्र आणि काकेशस डोंगर यांच्या कुशीतला हा छोटासा देश, राजधानी तिबिलिसी. तिथं घराघरात वाईन होते. कुणी प्या असं माझं म्हणणं नाही, आधीच सांगतो. मला त्यात वाणाची आणि लेकराबाळांच्या घराची गोष्ट दिसली, म्हणून लिहितोय.

तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा अशी दोन पांढरीची टेकाडं आहेत. तिथं सापडलेल्या खापरांच्या आत द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचे अंश मिळाले. २०१७ साली तो अभ्यास छापून आला. काळ निघाला इसवी सनपूर्व ६००० ते ५८००. म्हणजे जवळपास ८००० वर्षं झाली, तिथला माणूस द्राक्षाचा रस मुरवतोय.

मुरवायची रीत आपल्याला चटकन समजेल अशी आहे. आपल्याकडं धान्याचं पेव असायचं ना? तसं तिथं रसाचं पेव. अंड्याच्या आकाराचा मातीचा मोठा रांजण, त्याला म्हणतात क्वेव्री. आतून मधमाशीच्या मेणाचा हात द्यायचा आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा. काही रांजण तर इतके मोठे, की आत माणूस उतरून घासतो. लाकडाच्या लांबट डोणीत द्राक्षं पायानं तुडवायची. रस, साल, बिया, कधी देठसुद्धा, सगळं रांजणात ओतायचं. आंबणं सरलं की तोंड बंद. पाच-सहा महिने जमिनीच्या गारव्यात ते मुरत राहतं. पांढऱ्या द्राक्षाची वाईनसुद्धा सालीसोबत मुरल्यामुळं मधासारख्या रंगाची निघते.

२०१३ मध्ये युनेस्कोनं ही रीत मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत एक गोष्ट मुद्दाम सांगितलीय. हे ज्ञान घरातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पुढं जातं. वेल कसा राखायचा, द्राक्षं कशी तुडवायची, माती कुठली आणायची, रांजण कसा भाजायचा, हे पोरं मोठ्यांच्या मागं फिरून शिकतात. तोडणीला तिथं र्त्वेली म्हणतात. त्या दिवसांत शहरातली माणसं गावाकडं परततात, आजोबापासून नातवापर्यंत सगळे बागेत.

घरातल्या प्रत्येक मोठ्या प्रसंगाला रांजणाचा संबंध. लेकरू जन्मलं की काही घरांत त्याच्या नावानं वाईन भरून ठेवायची आणि त्याच्या लग्नात उघडायची, असा रिवाज सांगतात. सगळ्यात चांगली वाईन देवासाठी, पूर्वजांसाठी वेगळ्या रांजणात काढायची. तिचं नाव झेदाशे. पंगतीला म्हणतात सुप्रा. तिथं उगाच कुणी पेला उचलत नाही. तमादा नावाचा एक बोलका, जाणता माणूस आधी बोलतो. शांततेसाठी, गेलेल्या माणसांसाठी, लेकरांसाठी. मग बाकीचे आपापलं जोडतात. आपण पितरांच्या नावानं पान वाढतो, त्यातलाच भाव. पोरं तिथंच बसलेली असतात. आजोबा कोण, कुठल्या लढाईत गेला, कुणी कुणाला अडचणीत हात दिला, हे त्यांच्या कानावर पडतं.

आता खरा मुद्दा.

१९२१ साली जॉर्जियावर सोव्हिएत सत्ता आली. पुढं जमिनी सामूहिक शेतीत गेल्या, वाईन सरकारी कारखान्यात होऊ लागली. कारखान्याला हवं होतं भरपूर उत्पन्न आणि एकसारखा माल. या देशात द्राक्षाची पाचशेहून जास्त देशी वाणं मोजली जातात. पण लागवडीत जोर राहिला मोजक्या वाणांवर. पांढऱ्यात र्कात्सितेली, म्हणजे ‘लाल काडी’. काळ्यात सापेरावी, म्हणजे ‘रंग देणारी’. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा कितीतरी बागा उपटल्या गेल्या.

मग बाकीची वाणं वाचली कुठं? बरीचशी घरामागच्या तुकड्यात. तेवढी जागा कुटुंबाकडं राहिली होती. कुणाच्या झाडावर चढलेला वेल, कुणाच्या अंगणातला मांडव. त्याला बाजार नव्हता, पण लग्न होतं, बारसं होतं, पितरांचा दिवस होता. त्या प्रसंगाला घरचीच वाईन लागायची, म्हणून वेल जगवला गेला.

२००६ साली रशियानं जॉर्जियाची वाईन घेणं बंद केलं. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. ती बंदी उठायला २०१३ उजाडलं. त्या काळात त्यांना नवे बाजार शोधावे लागले, आणि बाहेरच्या लोकांना कुतूहल वाटलं ते या जुन्या रांजणाचं. लहान कुटुंबं बाटल्या भरू लागली. जाणकार लोक गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या परसातले विसरलेले वेल शोधू लागले, त्यांच्या काड्या आणून रोपं करू लागले. संकटात कामाला आलं ते घरानं राखलेलं.

आपल्याकडं बघा. तास-ए-गणेश तासगाव भागात, सोनाका सोलापूर भागात, शेतकऱ्याच्याच बागेत नजरेला पडलेली काडी निवडून तयार झालं. म्हणजे आपल्या वाणांनाही गोष्टी आहेत. पण त्याआधीची भोकरी, फकडी, पांढरी साहेबी? आजच्या किती पोरांनी त्यांचा घड पाहिलाय? व्यापाऱ्यानं मागणं थांबवलं, घरात त्यांच्यासाठी कुठला सण नव्हता, वेल गेले. वेलाबरोबर आजोबांच्या गोष्टीही गेल्या.

बाजाराला विकायचंच आहे, कर्ज फेडायचंच आहे, त्यात वाद नाही. पण विहिरीच्या कडेला एक जुना वेल घरासाठी ठेवायला कितीशी जागा लागते? त्याचा रस काढा, बेदाणा करा, नुसते घड खा. फक्त तोडताना पोरांना सोबत घ्या आणि तो कुणी लावला ते सांगा.

तुमच्या भागात भोकरी किंवा फकडीचा वेल अजून जिवंत असेल तर गाव-शिवार आणि कुणी राखला ते खाली लिहा. छाटणीच्या वेळी काडी मागायला येतो.