व्हँसेनची मृत्तिकापुष्पे

पॅरिसच्या पूर्वेस व्हँसेन नावाचा एक प्राचीन राजदुर्ग आहे. फ्रान्सच्या राजांनी तो प्रथम निवासासाठी आणि पुढे बंदिखान्यासाठी वापरला; परंतु ज्या कारखान्याचा बहुतेक प्रपंच काही काळ मातीच्या फुलांवर चालला, तोही याच तटाच्या आत नांदून गेला, ही गोष्ट दुर्ग पाहावयास जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी असते.

चीनहून येणाऱ्या शुभ्र, अर्धपारदर्शक भांड्यांचे वेड युरोपातील दरबारांना लागून तेव्हा बराच काळ लोटला होता. 1710 साली सॅक्सनीच्या अधिपतीने मायसेन येथे कारखाना काढला आणि त्या भांड्यांचे खरे रहस्य आपल्या मुठीत ठेवले. फ्रान्सला मात्र ते साधेना, कारण त्यास अवश्य असलेली केओलिन नामक पांढरी माती स्वदेशात कोठे मिळते हे तेथे कोणासच ठाऊक नव्हते. 1740 साली, म्हणजे इकडे साताऱ्यास नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली त्याच वर्षी, शांतिईच्या कारखान्यातले द्युब्वा बंधू व्हँसेनला आले आणि ओरी द फुल्व्ही या राजाच्या वजनदार मुलकी अंमलदाराने त्यांना आश्रय दिला. बंधूंच्या हातून काम तडीस जाईना, तेव्हा त्यांची उचलबांगडी झाली आणि मातीचे गणित फ्रांस्वा ग्राव्हाँ नामक गृहस्थाने जमवले. 1745 च्या जुलैत सॅक्सनीच्या धर्तीची भांडी करण्याची वीस वर्षांची राजसनद शार्ल आदाँ याच्या नावे निघाली.

ग्राव्हाँने जमवलेली ही माती वास्तविक माती म्हणण्याजोगी नव्हतीच. वाळू, सोरा, मीठ, तुरटी इत्यादी द्रव्ये भट्टीत एकजीव करून त्यांचा काचेसारखा खडा करावयाचा, तो दळून त्यात खडू व चुनखडीची माती मिसळावयाची, आणि इतके करूनही तो लगदा बोटांत भुरभुरतच असल्यामुळे त्यास चिकटपणा यावा म्हणून साबण किंवा सरस घालावयाचा, असा हा खटाटोप होता. अशा लगद्याची थाळी भट्टीत वाकते, पेल्याचा काठ कलतो आणि माल फुकट जातो. फुलाचे तसे नाही. पाकळी किंचित मुरडली तर ती दोष न ठरता अधिकच पाकळीसारखी दिसते, आणि एवढीशी वस्तू स्वतःच्या भाराने खचत नाही. व्हँसेनच्या कारभाऱ्यांनी फुलांची निवड केली ती केवळ दरबारी अभिरुचीस अनुसरून, असे वाटणे साहजिक आहे. मला तीत हाताशी असलेल्या दुर्बल मातीची नड अधिक दिसते.

हे काम साच्याचे नव्हे, बोटांचे. लगद्याची लहानशी गोळी घेऊन ती अंगठ्याने दाबावयाची, तिची कड पातळ करावयाची, अशा पाकळ्या एकीत एक गुंफून पाण्यात कालवलेल्या त्याच लगद्याने त्यांचे बूड जोडावयाचे, आणि तार ओवण्यासाठी मध्ये छिद्र ठेवावयाचे. मग फूल हवेवर पुरते वाळू द्यावयाचे. ओल राहिली तर भट्टीत ते तडकलेच. पहिल्या भाजणीनंतर झिलई, झिलईनंतर पुन्हा भट्टी, आणि रंग भरावयाचे तर तिसऱ्यांदा मंद आच. सिद्ध झालेली फुले तारेच्या देठांवर आणि हिरव्या रंगवलेल्या पत्र्याच्या पानांत बसवून पॅरिसचे व्यापारी त्यांचे गुच्छ, दिवे आणि घड्याळांचे साज बनवीत. या पुष्पशाळेचा कारभार ग्राव्हाँच्या पत्नीकडे होता व तिच्या हाताखाली सुमारे 45 स्त्रिया आणि मुली काम करीत. 1749 साली कारखान्याच्या एकंदर विक्रीपैकी सुमारे पाच-षष्ठांश रक्कम फुलांची होती. सनद आदाँची, भांडवल श्रीमंतांचे, आणि जमेची बाजू या मुलींची, असा तो ताळेबंद होता.

त्याच 1749 मध्ये त्याच दुर्गात दिदरो हा तत्त्ववेत्ता राजाज्ञेने कैदेत होता आणि त्याचा मित्र रूसो पॅरिसहून पायी चालत त्याच्या भेटीस येई. तत्त्वचिंतनाच्या इतिहासात ती पायपीट अजरामर झाली आहे; शेजारी चाललेल्या पाकळ्यांच्या उद्योगाकडे त्या दोघांपैकी कोणाचे लक्ष गेले असेल तर नवल. याच सुमारास फ्रान्सच्या युवराजाची पत्नी मारी-जोझेफ हिने ड्रेस्डेनला आपल्या पित्याकडे 480 मृत्तिकापुष्पांचा एक प्रचंड गुच्छ नजराणा म्हणून पाठवला. हा पिता म्हणजे मायसेनचाच धनी! लेकीने केलेली ही कुरघोडी त्याने कौतुकाने झेलली असेल काय?

राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्याविषयीची आख्यायिका याहून लोकप्रिय आहे. ऐन हिवाळ्यात तिने आपल्या बेलव्ह्यू प्रासादात पंधराव्या लुईला फुललेला ताटवा दाखवला, राजा वास घेण्यास वाकला, तो प्रत्येक फूल मातीचे आणि सुगंध अत्तराचा! मार्की दार्जांसों आपल्या रोजनिशीत लिहितो, की राजाने अशा फुलांसाठी आठ लक्ष लिव्रांहून अधिक रकमेची मागणी नोंदवली. हा मार्की पदच्युत मंत्री, आणि पाँपादूरचा द्वेष्टा. शिवाय 1749 ची कारखान्याची सारी विक्रीच पन्नास हजार लिव्रांच्या आत होती. तेव्हा त्याचा आकडा बखरीतल्या सैन्यसंख्येप्रमाणेच वाचलेला बरा. लाझार द्युव्हो या व्यापाऱ्याची 1748 ते 1758 ची रोजखर्डी मात्र छापली गेली आहे, आणि तीत पाँपादूर ही मोठी गिऱ्हाईक म्हणून पानोपानी भेटते, त्यावरून तिचा षोक खोटा नव्हता एवढे निःसंशय ठरते.

तो बहर टिकला नाही. इतर कारखान्यांनीही फुले काढली, दरबाराची रुची पालटली, आणि 1751 मध्ये ओरी द फुल्व्ही वारल्यानंतर राजाने स्वतः कंपनीत भाग घेतला. 1756 मध्ये कारखाना सेव्र येथे हलला. 1759 मध्ये तो सर्वस्वी राजाचा झाला, तेव्हा त्याची कीर्ती थाळ्यांवर, फुलदाण्यांवर आणि बिनझिलईच्या पुतळ्यांवर उभी होती. पुढे 1768 च्या सुमारास लिमोजजवळ केओलिन सापडले, आणि भट्टीत वाकणाऱ्या त्या लगद्यावर विसंबण्याचे कारणच फ्रान्सला उरले नाही.